समुद्र दिसतो, कागद दिसत नाहीत: किनाऱ्यावर फ्लॅट घेण्याआधी काय तपासाल?

मोबाइलवर एक रील येते. ड्रोन माडांवरून समुद्राकडे जातो, मागे गाणं वाजतं आणि खाली ठळक अक्षरं झळकतात: 'सी-व्ह्यू वन बीएचके. बँक लोन उपलब्ध. शेवटचे काही फ्लॅट शिल्लक.'

गेल्या दिवाळीत माझ्या मामांनी अशीच एक रील मला पाठवली. एसटीतून निवृत्त झालेला माणूस. हातात फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे, मनात गावाकडच्या किनाऱ्यावर राहायची जुनी इच्छा. सोबत एकच ओळ होती: 'बँक लोन देतेय म्हणजे कागद बरोबरच असणार ना रे?'

हा प्रश्न मामांचा एकट्याचा नाही. २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाली. जानेवारी २०२३ पासून मोपा विमानतळावरून विमानं उडू लागली. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला. अलिबागपासून सावंतवाडीपर्यंत आणि पुढे उत्तर गोव्यात दुसरं घर घेण्याचा विचार करणारे वाढले आहेत. त्यातल्या बहुतेकांचा आधार मामांसारखाच असतो: बँकेने कर्ज दिलं, नोंदणी झाली, घरपट्टीची पावती मिळाली, म्हणजे सगळं ठीक.

तसं नसतं. हे तीन कागद तुम्ही पैसे दिलेत हे सांगतात. ती इमारत तिथे उभी राहू शकते का, आणि किती वर्षं टिकेल, हे ते सांगत नाहीत.

मरडूमध्ये काय झालं?

केरळमध्ये कोचीजवळ मरडू नावाचं गाव आहे. तिथे बॅकवॉटरच्या काठावर फ्लॅटच्या उंच इमारती उभ्या राहिल्या. २००६ च्या सुमारास तिथल्या ग्रामपंचायतीने बांधकाम परवाने दिले होते. मात्र, किनारा नियमन क्षेत्रासाठी लागणारी मंजुरी नव्हती. पुढे परवाने रद्द करण्याच्या नोटिसा निघाल्या, प्रकरण न्यायालयात गेलं, स्थगिती मिळाली आणि बांधकाम पूर्ण झालं. लोकांनी फ्लॅट घेतले, संसार थाटले.

८ मे २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या इमारती पाडण्याचा आदेश दिला. ११ आणि १२ जानेवारी २०२० रोजी चार संकुलं स्फोटकं लावून जमीनदोस्त करण्यात आली. तीनशेहून अधिक फ्लॅट काही सेकंदांत ढिगाऱ्यात गेले. न्यायालयाने प्रत्येक फ्लॅटधारकाला २५ लाख रुपयांची अंतरिम भरपाई द्यायला सांगितलं.

यात चूक कोणाची, यावर बरीच चर्चा झाली. आपल्यासाठी धडा सोपा आहे. त्या लोकांकडे खरेदीखत होतं. ते कर भरत होते. तरीही इमारत वाचली नाही, कारण ज्या रेषेच्या आत ती बांधली होती तिथे तसं बांधकाम चालत नव्हतं.

ही रेषा म्हणजे नेमकं काय?

किनारा नियमन क्षेत्राला सगळे 'सीआरझेड' म्हणतात. पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची, नंतर २०११ ची आणि सध्याची १८ जानेवारी २०१९ ची. समुद्राच्या भरती रेषेपासून जमिनीकडे ५०० मीटरपर्यंतचा पट्टा या नियमांत येतो. भरती रेषा म्हणजे आज लाट जिथे पोहोचली ती जागा नाही. ती शास्त्रीय पद्धतीने ठरवून नकाशावर आखलेली असते.

फ्लॅट घेणाऱ्याला तीन प्रकार माहीत असले तरी पुरे.

सीआरझेड-१ म्हणजे खारफुटी, वाळूच्या टेकड्या, कासवांच्या विणीच्या जागा अशी संवेदनशील क्षेत्रं आणि भरती-ओहोटीच्या मधला पट्टा. इथे निवासी इमारतीचा प्रश्नच येत नाही. खारफुटीचं क्षेत्र १००० चौरस मीटरहून मोठं असेल तर तिच्याभोवतीचा ५० मीटरचा पट्टाही राखीव असतो.

सीआरझेड-२ म्हणजे आधीच विकसित झालेला शहरी भाग. इथे आधीपासून असलेल्या रस्त्याच्या किंवा अधिकृत इमारतीच्या जमिनीकडच्या बाजूला, नियमांच्या चौकटीत बांधकाम होऊ शकतं.

सीआरझेड-३ म्हणजे ग्रामीण किनारा. कोकणातल्या बऱ्याच गावांना हाच प्रकार लागू होतो. याचे दोन भाग आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ हून जास्त असेल, तर भरती रेषेपासून ५० मीटर 'ना विकास क्षेत्र' असतं. त्याहून कमी घनतेच्या गावांत ते २०० मीटर असतं. या पट्ट्यात नवी इमारत उभी राहत नाही. जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती किंवा पुनर्बांधणी मूळ मापातच करता येते.

आणि २०० मीटरच्या पुढे? तिथेही मोकळं रान नाही. या पट्ट्यातल्या घरांसाठीचा नियम पारंपरिक हक्क आणि गावाच्या वहिवाटीला धरून आहे. त्यात उंची ९ मीटर, म्हणजे तळमजला अधिक एक मजला, अशी मर्यादा आहे. त्यामुळे ग्रामपंचायतीच्या हद्दीत किनाऱ्यापासून ३०० मीटरवर पाच मजली इमारतीची जाहिरात दिसली, तर पहिला प्रश्न किमतीचा नको. 'ही कोणत्या नियमाखाली?' हा हवा.

खाडीकाठी घर असेल तर?

इथेच अनेकांची फसगत होते. 'समुद्र दोन किलोमीटर लांब आहे, सीआरझेडचा संबंध नाही,' असं सांगितलं जातं. पण भरतीचं पाणी जिथवर आत येतं, तिथवर खाडी आणि नदीच्या काठालाही नियम लागू होतात. २०१९ च्या अधिसूचनेनुसार हा पट्टा ५० मीटर किंवा खाडीच्या रुंदीइतका, यातलं जे कमी असेल तेवढा असतो. मरडूतल्या इमारतीही खुल्या समुद्राला लागून नव्हत्या.

हे घरबसल्या कसं तपासायचं?

सुरुवात सर्व्हे नंबर किंवा गट नंबरापासून करा. प्रकल्पाचं नाव उपयोगाचं नाही. मंजूर किनारा व्यवस्थापन आराखड्याचे नकाशे राज्याच्या किनारा क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे असतात. तिथे तुमचा गट कोणत्या रंगाच्या पट्ट्यात येतो, ते पाहा.

जागा रेषेजवळ असेल, तर विकासकाकडे दोन गोष्टी मागा. एक, केंद्र सरकारने अधिकृत केलेल्या संस्थेने १:४००० प्रमाणात तयार केलेला, त्या भूखंडावर भरती रेषा दाखवणारा नकाशा. दोन, प्राधिकरणाची शिफारस किंवा मंजुरीचं पत्र. 'आमच्या वकिलांनी बघितलंय' हे उत्तर चालवून घेऊ नका. पत्राची प्रत मागा आणि त्यातला सर्व्हे नंबर तुमच्या जागेचाच आहे ना, ते स्वतः वाचा.

मग बँक आणि नोंदणी कार्यालय काय तपासतात?

दुय्यम निबंधक कार्यालय व्यवहाराची नोंद करतं. जमिनीची मालकी निर्वेध आहे किंवा बांधकाम कायदेशीर आहे, याची हमी ते देत नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती कर आकारणीसाठी असतात. अनधिकृत बांधकामाकडूनही कर घेतला जातो.

बँक तपासणी करते, हे खरं. पण ती स्वतःच्या पैशांच्या सुरक्षेसाठी. इमारतीवर संकट आलं तरी कर्जदाराचा हप्ता थांबत नाही. त्यामुळे बँकेच्या वकिलाचा अहवाल हा तुमच्या वकिलाला पर्याय नाही. स्वतःचा वकील करा, तोही त्या जिल्ह्यातला. विकासकाने सुचवलेला नको.

सातबारावर काय बघायचं?

कोकणात जमिनीचा प्रश्न वेगळा आहे. पणजोबांच्या नावची जमीन, चार पिढ्यांचे वारस, निम्मे मुंबईत, काही परदेशात. सातबारावर पंधरा-वीस नावं असणं नवल नाही. त्यातल्या एकाची सही राहिली तरी पुढे दावा उभा राहू शकतो. म्हणून फक्त आजचा उतारा पाहू नका. जुने फेरफार आणि किमान ३० वर्षांचा शोध अहवाल मागा.

'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. कुळाची नोंद, बँकेचा बोजा, देवस्थान इनाम यांची खूण तिथे सापडते. 'भोगवटादार वर्ग २' असं लिहिलं असेल, तर हस्तांतराला सरकारी परवानगी लागते. जमीन शेतीची असेल, तर बिगरशेती परवानगी कोणत्या वापरासाठी दिली आहे, ते पाहा. इमारतीसाठी नगररचना विभागाने मंजूर केलेला आराखडा, बांधकाम परवानगी आणि शेवटी भोगवटा प्रमाणपत्र हवं. सरपंचांचा दाखला याची जागा घेऊ शकत नाही.

गोव्यात कागदांची नावं बदलतात. सातबाराच्या जागी एक-चौदाचा उतारा आणि रूपांतरासाठी सनद. तिथे मुंडकाराचा हक्क आणि कोमुनिदादची जमीन हे दोन मुद्दे तपासावे लागतात. शिवाय गोव्याच्या नागरी कायद्यात पती-पत्नीची मालमत्ता सहसा सामाईक मानली जाते. म्हणून विकणाऱ्याच्या जोडीदाराची संमती आणि सही पाहा.

रेरा नोंदणी असेल तर निश्चिंत राहायचं?

रेरा कायद्याने ग्राहकाला बरंच दिलं आहे. करार नोंदवण्याआधी विकासक किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामातला दोष दिसला, तर तो दुरुस्त करण्याची जबाबदारी त्याची. जमिनीची मालकी सदोष निघून नुकसान झालं, तर भरपाईच्या दाव्याला मुदतीचं बंधन नाही.

पण एक फट आहे. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंत असतील, तर नोंदणी सक्तीची नाही. किनाऱ्यावरच्या छोट्या वाडीत आठ फ्लॅटची टुमदार इमारत या सवलतीत सहज बसते. 'आम्हाला रेरा लागू नाही' हे वाक्य तिथे खरं असू शकतं. मात्र, मग माहिती उघड करायची सक्तीही नाही. तपासणीचा सगळा भार तुमच्यावर येतो.

नोंदणी असली तरी ती सीआरझेडची मंजुरी नव्हे. महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा आणि अपलोड केलेली कागदपत्रं एकेक वाचा. परवानगीचं पत्र तिथे नसेल, तर ते का नाही, हे लेखी विचारा.

कागद बरोबर आहेत. आता इमारतीचं काय?

अभियांत्रिकीच्या वर्गात एक गोष्ट आम्हाला घोकून पाठ करायला लावली होती: काँक्रीट सळईला दोन प्रकारे सांभाळतं. एक म्हणजे हवा-पाण्यापासून लांब ठेवून आणि दुसरं म्हणजे स्वतःच्या अल्कधर्मी गुणामुळे तिच्यावर संरक्षक थर तयार करून. समुद्राच्या वाऱ्यातले क्लोराइड हळूहळू आत झिरपतात आणि तो थर फोडतात. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो. आतून दाब येतो, तडा जातो, प्लास्टरचा पोपडा पडतो आणि सळई उघडी होते. पुढचं काम पावसाळे करतात.

म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकात किनाऱ्यासाठी वेगळे निकष आहेत. सर्वसाधारण सौम्य हवामानात एम-२० दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर २० मिलिमीटर कव्हर किमान मानलं जातं. किनारी हवेला उघड्या असलेल्या बांधकामाला एम-३० आणि ४५ मिलिमीटर कव्हर लागतं. समुद्राचे तुषार थेट अंगावर येत असतील, तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. हा फरक रंग दिल्यावर दिसत नाही. पंधरा वर्षांनी दिसतो.

बांधकाम सुरू असेल तर साइटवर जा आणि तीन प्रश्न विचारा. काँक्रीटचा दर्जा कोणता आणि त्याच्या क्यूब चाचणीचे अहवाल कुठे आहेत? कव्हर ब्लॉक किती मिलिमीटरचे वापरता? पाणी कुठलं वापरता? तिसरा प्रश्न लोक विसरतात. किनाऱ्यालगतच्या विहिरी आणि बोअरचं पाणी मचूळ असू शकतं. लोखंडी सळई असलेल्या काँक्रीटसाठी पाण्यातलं क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून जास्त चालत नाही. पाण्याचा चाचणी अहवाल मागणं हा आगाऊपणा नाही.

इमारत जुनी असेल, तर मॉडेल फ्लॅट पाहून परत येऊ नका. पार्किंगचं छत, जिन्याखालचा भाग, गच्चीवरच्या टाकीचे खांब आणि समुद्राकडच्या बाल्कनीची खालची बाजू पाहा. तपकिरी डाग, सळईच्या रेषेत गेलेले उभे-आडवे तडे आणि ठोकल्यावर येणारा पोकळ आवाज ही गंजाची लक्षणं आहेत. भिंतीवर ताजा रंग आणि छतावर ताजं प्लास्टर असेल, तर ते कधी आणि का केलं, हे विचारा. शक्य असेल तर जुलैमध्ये एकदा जा. पावसाळ्यात भिंत खोटं बोलत नाही.

सोसायटीचा हिशेब कशाला बघायचा?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात सर्फसाइड या किनारी गावात १९८१ मध्ये बांधलेली बारा मजली कॉन्डो इमारत २४ जून २०२१ च्या पहाटे अर्धवट कोसळली. ९८ माणसं गेली. त्याआधी २०१८ मध्ये एका अभियंत्याने जलतरण तलावाभोवतालच्या स्लॅबचं गंभीर नुकसान अहवालात नोंदवलं होतं. दुरुस्तीचा खर्च सुमारे दीड कोटी डॉलरवर गेला. इतका पैसा सभासदांकडून उभा करायचा कसा, यावर वाद झाले आणि वर्षं गेली. त्यानंतर फ्लोरिडाने कायदा केला. तीन मजली आणि त्याहून उंच कॉन्डोंना ठरावीक वयानंतर तपासणी आणि मुख्य दुरुस्तीसाठी राखीव निधी सक्तीचा झाला.

आपल्याकडे आदर्श उपविधींत याची सोय आधीपासून आहे. १५ ते ३० वर्षं वयाच्या इमारतीचं संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि ३० वर्षांपुढे दर तीन वर्षांनी करायचं असतं. सिंकिंग फंडासाठी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्का आणि दुरुस्ती निधीसाठी किमान पाऊण टक्का रक्कम दरवर्षी जमा करायची असते. फ्लॅटचा बांधकाम खर्च २० लाख धरला, तर हे वर्षाला २० हजार रुपये होतात.

अडचण अंमलबजावणीत आहे. सुट्टीच्या घरांच्या इमारतीत वर्षातले दहा महिने बहुतेक दारांना कुलूप असतं. गळती कोणाच्या लक्षात येत नाही. सर्वसाधारण सभेला चार माणसं येतात. देखभाल खर्च 'आम्ही राहतच नाही' म्हणून थकवला जातो. म्हणून जुना फ्लॅट घेताना शेवटच्या तीन वर्षांचा ताळेबंद, थकबाकीदारांची यादी, निधीतली शिल्लक आणि शेवटचा परीक्षण अहवाल मागा. किती घरांत लोक बारा महिने राहतात, हेही विचारा. निधी रिकामा असेल, तर तुम्ही फ्लॅटसोबत त्या इमारतीची उरलेली दुरुस्तीही विकत घेताय.

पाणी, वादळ आणि विमा

एप्रिल-मेमध्ये पाणी कुठून येतं? नळयोजना, बोअर की टँकर? हा प्रश्न विक्री कार्यालयात नको, शेजारच्या दुकानात विचारा. तिथेच ३ जून २०२० बद्दलही विचारा. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, छपरं उडाली, माडा-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी मेमध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पाणी कुठवर आलं, वीज किती दिवसांनी परतली, रस्ता कधी खुला झाला, हे गावातल्या माणसाला तोंडपाठ असतं.

विम्यासाठी 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी एप्रिल २०२१ पासून उपलब्ध आहे. तिच्यात वादळ आणि पूर येतात. भरपाई बांधकामाच्या खर्चावर ठरते, तुम्ही समुद्राच्या दृश्यासाठी मोजलेल्या किमतीवर नाही. गंज आणि झीज यांची भरपाई मिळत नाही.

टोकन देण्याआधी हे हातात हवं

- गट नंबरसह सीआरझेड नकाशा आणि लागू असल्यास मंजुरीपत्र
- सातबारा, फेरफार आणि ३० वर्षांचा शोध अहवाल
- बिगरशेती आदेश, मंजूर आराखडा, बांधकाम परवानगी. तयार घर असेल तर भोगवटा प्रमाणपत्र
- महारेरा क्रमांक, किंवा सूट असल्यास तिचं लेखी कारण
- काँक्रीट आणि पाण्याचे चाचणी अहवाल; जुनी इमारत असेल तर संरचनात्मक परीक्षण
- सोसायटीचा ताळेबंद आणि निधीची शिल्लक

यातलं एकही कागदपत्र 'नंतर देतो' या सदरात गेलं, तर टोकनही नंतरच द्या.

जबाबदारी फक्त ग्राहकाची?

नाही. निवृत्तीचे पैसे घेऊन निघालेल्या माणसाने भरती रेषेचा नकाशा वाचायला शिकावं, ही अपेक्षा मुळात चुकीची आहे. किनारी तालुक्यातल्या प्रत्येक प्रकल्पाच्या जाहिरातीवर महारेरा क्रमांकाशेजारी सीआरझेडचा प्रकार छापणं सक्तीचं करता येईल. सातबाऱ्यावरच तशी नोंद देता येईल. आठ फ्लॅटची सूट किनाऱ्यापुरती तरी काढून टाकता येईल. माहिती सरकारकडे आहे. ती खरेदीखताच्या दिवसाआधी ग्राहकापर्यंत पोहोचायला हवी. मरडूत ती पोहोचली ती पाडकामाच्या नोटिशीबरोबर.

तोवर विचारणं आपल्या हातात आहे. मामांनी ही यादी त्या विक्री कार्यालयाला पाठवली. दोन दिवसांत फोन आला, 'साहेब, ऑफर रविवारपर्यंतच आहे.' कागद मात्र आले नाहीत. मामांनी आठवडाभर वाट पाहिली आणि पैसे ठेवीत ठेवले. घर घ्यायचा विचार त्यांनी सोडलेला नाही. सध्या ते किनाऱ्यापासून थोडं आत, गावातच, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेली एक छोटी इमारत बघताहेत. तिथून समुद्र दिसत नाही. चालत गेलं तर वीस मिनिटं लागतात. 'तेवढं चालायला हवंच रे या वयात,' असं ते म्हणतात.